साखरेची बटणं साच्यातून काढताना भोकांपाशीच तुटतात

काजं_बटण

मंडळी, मदत हवी आहे आणि हातात जेमतेम तीन आठवडे आहेत.

आई शिलाई मशीन कायमचं झाकून ठेवतेय. छत्तीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, आता डोळे नको म्हणतात. त्या निमित्ताने घरीच दुपारचा चहा ठेवलाय, बावीस माणसं. केक बहीण करणार, चहा माझ्याकडे. आता चहात वेगळं काय करणार? तेव्हा डोक्यात आलं की साखर बटणांच्या आकारात द्यावी. शर्टाची असतात तशी, चार भोकांची. बशीत चमच्याशेजारी दोन-दोन.

सिलिकॉनचा साचा मागवला. त्यात पंधरा बटणं, प्रत्येक २२ मिलिमीटर रुंद आणि ५ मिलिमीटर जाड (आईच्याच टेपने मोजलं). भोकांच्या जागी साच्यात चार-चार बारीक खुंट्या उभ्या आहेत. त्या खुंट्यांनी माझा जीव काढलाय.

पहिल्या वेळी एक वाटी साखर घेतली, वजन केलं तर २०० ग्रॅम. त्यात तीन मोठे चमचे पाणी. असं कुठेतरी वाचल्यासारखं वाटत होतं, कुठे ते विचारू नका. साचा भरून रात्रभर ठेवला. सकाळी वरचा पापुद्रा कडक, बोट दाबलं तर आत चिखल. आणखी दोन दिवस धीर धरला. मग काढायला गेले तर बटणाची पाठ हातात आली आणि तोंड साच्यातच राहिलं.

दुसऱ्या वेळी धसका घेऊन पाणी नावापुरतं, नुसती बोटं ओली करून शिंपडलं. साच्यात असेपर्यंत काय सुरेख दिसत होती! साचा पालथा घातला आणि ओट्यावर पंधरा छोटे ढीग.

तिसऱ्या वेळी पाणी अंदाजाने या दोन्हींच्या मधलं घेतलं, आणि चिकटू नये म्हणून खुंट्यांना कापसाने तेल लावलं. आठ बटणं अख्खी निघाली. उरलेल्या सातांचे भोकांपाशी तुकडे. अख्ख्यांतलं एक आईच्या चहात टाकलं. तिने कप उजेडाकडे तिरका धरला आणि म्हणाली, "यात मशीनचं तेल पडलंय का?" बघते तर वर तवंग, सात रंगांचा.

तिचं एकूण म्हणणं असं की साखर डब्यात सुटी असते, ती मी चिकटवते, मग चहात ती पुन्हा सुटी होते, तर यात माझा रविवार का जातो. माझ्याकडे उत्तर नाही.

तर नेमकं पाणी किती? भोकं शाबूत कशी राहतील? आणि साचा एकच आहे, मला ऐंशी बटणं तरी हवीत. रोज रात्री पंधरा करत बसले तर आठवडा त्यातच जाईल. निळा आणि मरून रंगही डोक्यात आहे, पण आधी पांढरी तर जमू देत.

साखरझोप

तीन मोठे चमचे म्हणजे ४५ मिली! अहो, ती साचा भरायची साखर राहिलीच नाही, पाकाची पूर्वतयारी झाली.

आधी तेलाची बाटली कपाटात ठेवा. साच्याला काहीही लावायचं नसतं, कॉर्नफ्लोअरसुद्धा नाही, त्याने चहा गढूळ होतो. ओल बरोबर असेल तर सिलिकॉन साखरेला धरून ठेवत नाही.

२०० ग्रॅमला एक छोटा चमचा पाणी, ५ मिली. लागलंच तर त्यापुढे ड्रॉपरने, थेंबाथेंबाने. चमच्याने ढवळून सोडून देऊ नका, तळाशी ओलं आणि वर कोरडं राहतं. बोटांनी चोळा, अगदी दोन-तीन मिनिटं. गुठळ्या दिसल्या तर चाळणीवर घासून खाली पाडा.

परीक्षा मुठीची. मूठभर घेऊन दाबा. मूठ उघडली की गोळा राहिला पाहिजे आणि त्यावर बोटांचे ठसे दिसले पाहिजेत. टिचकी मारली की दोन-तीन ढेकळं व्हावीत. मूठ वळलीच नाही तर कोरडी. तळहात चिकट आणि चमकदार झाला तर ओली. ओली झाली तर कोरडी साखर मिसळत बसावं लागतं, घातलेला थेंब काही परत काढता येत नाही. मी एकदा अशी मिसळत मिसळत पाऊण किलोपर्यंत गेले होते.

काम चालू असताना वाटीवर ओलसर फडकं ठेवा. कडेची साखर बघता बघता वाळते, आणि मग तुम्ही पाणी वाढवता, आणि मधली साखर जास्त ओली होते. सगळा घोळ तिथेच होतो.

आणि साचा भरायचा म्हणजे ठासायचा. आधी साच्यातला खळगा अर्धा भरून अंगठ्याने कडेकोपऱ्यांत दाबा, मग उरलेला भरून पुन्हा दाबा, मग सुरीची पाठ फिरवून वर आलेली साखर काढून टाका. बटणाची पाठ सपाट नसेल तर ते बशीत डुगडुगतं.

रात्रभर साच्यात ठेवायची गरजच नाही. साच्यावर कागद, कागदावर पाट किंवा ट्रे, आणि सगळं एकदम पालथं. वरून प्रत्येक बटणावर हलकं दाबायचं, साचा उचलायचा. पाच मिनिटांत साचा रिकामा, लगेच पुढची खेप. ऐंशी बटणं एका दुपारची आहेत.

पण हे झालं सपाट आकारांचं. तुमच्या खुंट्यांचं मला सांगता येणार नाही, मी आजवर पानं, चांदण्या आणि शिंपले केलेत. दोन खुंट्यांमध्ये अंतर किती आहे?

रिकामा_कप

एवढी उठाठेव कशाला? साखर वितळवा, साच्यात ओता, गार झाली की काढा. भोकंबिकं सगळं येईल, काचेसारखं. मी मुलांसाठी गोळ्या अशाच करतो.

साखरझोप

रिकामा_कप, गोळ्या वेगळ्या आणि चहाची साखर वेगळी. तुमचा पाक दीडशे अंशांच्या आसपास जातो. तो बोटावर सांडला तर पाण्यासारखा ओघळून जात नाही, चिकटून भाजत राहतो. साठ बारीक खुंट्यांच्या साच्यात तो ओतायचा म्हणजे धाडसच. शिवाय तो काचेसारखा गोठतो, त्यात पोकळी राहत नाही, म्हणून चहात विरघळायला वेळ लावतो. आणि हवा दमट असेल तर तासाभरात हाताला चिकटायला लागतो. दिसायला देखणा असतो, ते मान्य.

रिकामा_कप

बरं बाई. वितळवू नका.

काजं_बटण

साखरझोप ताई, मुठीची परीक्षा सोन्यासारखी आहे. आत्ताच केली, साच्याशिवाय नुसती. सात थेंब जास्तीचे लागले.

खुंट्यांमधलं अंतर मोजलं. दोन मिलिमीटर. तेवढ्या फटीत साखर भरायला मी टाचणी घेऊन बसले होते, हे सांगितलं नव्हतं.

दाणेदार

दोन मिलिमीटर? मग उत्तर त्यातच आहे.

घरातल्या साध्या साखरेचा दाणा अर्धा ते एक मिलिमीटर असतो. तुमच्या भोकांमधली भिंत म्हणजे दोन-चार दाण्यांची रांग झाली. दोन दाण्यांना कोण धरून ठेवणार?

दाणे एकमेकांना धरतात कसे ते बघा, म्हणजे पाण्याचा हिशोबही कळेल. साखरेत चिकटवणारं दुसरं काहीच नसतं, साखरच साखरेला चिकटवते. पाण्याचा पातळ थर दाण्याच्या अंगाला लागतो, दाण्याची वरची साल त्यात विरघळते. पुढे पाणी उडून जातं आणि विरघळलेली साखर दोन दाणे जिथे टेकलेत तिथेच पुन्हा खडा धरते. म्हणजे दाण्यादाण्यांमध्ये साखरेचेच छोटे पूल. नेहमीच्या तापमानाला १०० मिली पाण्यात साधारण २०० ग्रॅम साखर विरघळते. एक छोटा चमचा पाणी १० ग्रॅम साखर विरघळवतं, २०० पैकी १०. पूल बांधायला तेवढी पुरते. तुमच्या ४५ मिलीत ९० ग्रॅम विरघळली असणार, जवळपास निम्मी! पूल कुठले, नदीच झाली. वरचा थर आधी वाळला, त्याने झाकण लावलं, आतलं पाणी अडकून बसलं. दोन दिवस काय, आठवडाभरही तो चिखल तसाच राहिला असता.

आता दाणा बारीक करा. कॅस्टर शुगर मिळाली तर ती घ्या. नाहीतर घरची साखर मिक्सरमध्ये तीन-चार सेकंद, थांबून थांबून फिरवा आणि अगदी बारीक चाळणीने चाळा. खाली पडलेली धूळ बाजूला, वर राहिलेला बारीक रवाळ दाणा कामाचा. धूळ राहू दिली तर ती पाणी पिऊन लगदा होते. त्याच कारणाने पिठीसाखर घेऊ नका. विकतच्या पिठीसाखरेत बहुतेक वेळा कॉर्नफ्लोअरही असतं.

दाणा बारीक झाला की त्याचं एकूण अंग वाढतं, म्हणजे ओल थोडी जास्त लागते. २०० ग्रॅमला पाच-दहा थेंब अजून. मूठ सांगेलच.

लिंबाचा रस घालायचा मोह होईल, छान वास येतो म्हणून. नको. आंबटाने साखरेचा खडा धरायला अडथळा येतो, आणि इथे सगळं काम त्या खड्यावरच आहे. ब्राऊन शुगरही या साच्याला नको. तिच्यातली काकवी ओल धरून ठेवते, बटण चुरमुरत राहतं.

काजं_बटण

मिक्सरमध्ये फिरवलेली साखर, एक चमचा आणि वर बारा थेंब. साचा ठासला, पालथा घातला. पंधरातली अकरा अख्खी! अंगठ्याखाली साखर बसताना करकर आवाज येतो आणि मग एकदम बंद होतो, तेव्हा कळतं की ठासून झालं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, सांगून ठेवते.

चार मात्र तशीच गेली. साचा उचलताना खुंटी साखरेतून सरळ वर येत नाही, सिलिकॉन वाकतं आणि खुंटी तिरकी ओढली जाते. ती भिंत सोबत घेऊन येते. आई चष्मा वर करून बराच वेळ तुकड्यांकडे बघत होती. काही बोलली नाही, हेच विशेष.

आता दुसरी अडचण. इथे चार दिवस पाऊस. काल दुपारी केलेली बटणं आज सकाळी वरून कोरडी, पण उचलली की कडा झडतात. पंखा चालू होता. ओव्हन आहे, पण साखर ओव्हनमध्ये म्हणजे ती वितळणार नाही का?

चिमूटभर

नाही वितळत, आच कमी ठेवली तर. साखर तांबूस व्हायला बरीच उष्णता लागते, आपल्याला फक्त पाणी घालवायचंय. ओव्हन ९० अंशांवर तापवा, बटणं कागदासकट ट्रेवर, बारा ते पंधरा मिनिटं. दारात लाकडी चमचा अडकवून फट ठेवा, वाफ बाहेर जायला हवी. मग ओव्हन बंद करून बटणं आतच गार होऊ द्या. गरम असताना हात लावाल तर ठिसूळ लागतात आणि तुम्हाला वाटेल फसलं. गार झाली की बशीवर टाकून बघा, टक्क असा आवाज आला पाहिजे. मायक्रोवेव्हमध्ये घालू नका. त्यात एखादा कोपरा मधूनच जास्त तापतो, वरून पांढरं आणि आतून काळं बटण मी पाहिलंय. साच्यासकट ओव्हनमध्ये ठेवायचं असेल तर साचा सिलिकॉनचाच आहे आणि त्यावर किती अंशांपर्यंत चालतो ते लिहिलंय, एवढं बघा. पातळ प्लास्टिकचे साचेही तसेच दिसतात.

पावसात पंखा फारसा उपयोगी नाही, तो तीच ओली हवा फिरवत राहतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ८५ टक्क्यांच्या वर गेली की साखर हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागते. त्याच्या खाली असली तरी वाळायला वेळ लागतोच. म्हणून ओव्हनमधून काढून गार झाली रे झाली की घट्ट झाकणाच्या डब्यात. थरांमध्ये कागद, आणि खाद्यपदार्थांसाठी असते ती सिलिका जेलची पुडी एक. फ्रिजमध्ये ठेवू नका. बाहेर काढताक्षणी त्यावर घाम येतो आणि सगळी एकमेकांना मिठी मारून बसतात. नीट ठेवली तर महिनोन् महिने राहतात, त्यामुळे आदल्या रात्रीपर्यंत थांबू नका. मुंग्यांची काळजी तुमची तुम्ही घ्या.

रंगाचं. जेल रंग घ्या, सुईच्या टोकावर येईल एवढाच, आणि तो साखरेत न टाकता आधी त्या चमचाभर पाण्यात पूर्ण विरघळवा. साखरेत थेट टाकला तर ठिपके पडतात. पातळ, बाटलीतले रंग स्वतःच पाणी असतात, ते पाण्याच्या मापातच धरा. वाळल्यावर रंग एक छटा फिका दिसतो. पण मरून आणि निळ्याचा हट्ट सोडा असं माझं मत. तांबूस चहात गडद निळी साखर विरघळली की कपात काय दिसतं ते एकदा करून बघा, म्हणजे मला सांगावं लागणार नाही. चमकीची पूड लावणार असाल तर डबीवर 'खाण्यायोग्य' असंच लिहिलेलं हवं. नुसतं 'बिनविषारी' म्हणजे खाण्यायोग्य नव्हे, ती सजावटीची पूड असते.

आणि आईंना सांगा, साखर चिकटवायचा उद्योग तुम्ही एकट्या करत नाही. पूर्वी युरोपात साखर सहसा सुटी नसायची, शंकूच्या आकाराची मोठी ढेप यायची आणि घरोघरी ती फोडायला चिमटे आणि हातोड्या असायच्या. आजच्या चेक प्रजासत्ताकात दाचित्से नावाचं गाव आहे, तिथल्या साखर कारखान्याचे व्यवस्थापक होते याकोब क्रिस्टोफ राड. ढेप फोडताना त्यांच्या बायकोचं, युलियानाचं, बोट कापलं आणि तिनेच विचारलं की साखर आयती तुकड्यांत का नाही करत, अशी गोष्ट सांगतात. राड यांनी ओलसर साखर साच्यात दाबून वाळवायची कृती बसवली आणि १८४३ साली त्याचं पेटंट मिळालं. तुम्ही ओट्यावर करताय तेच. गावात साखरेच्या चौकोनी खड्याचं पांढरं स्मारकही आहे. भोकं मात्र त्यांनी पाडली नव्हती.

साखरझोप

चिमूटभर, चमकीचं बरं सांगितलंत. वरून लावायचे छोटे मोती आणि साखरेची फुलं हेही जपून. मोती कपाच्या तळाशी खड्यासारखे राहतात, शेवटच्या घोटाला दाताखाली येतात. आणि आयसिंगची फुलं अंड्याच्या पांढऱ्याची असतील तर चहावर फेस धरतो. माझ्याकडे एका पाहुण्याने तो फेस चमच्याने काढून बशीच्या कडेला ठेवला होता. मला काही बोलला नाही, पण मी बघितलं ना.

काजं_बटण, एका कपाला किती बटणं लागतील याचा हिशोब केलात का?

काजं_बटण

केला. दहा बटणं एकत्र काट्यावर ठेवली तर अठरा ग्रॅम. म्हणजे एक बटण दोन ग्रॅमला किंचित कमी. सपाट भरलेल्या छोट्या चमच्यात चार ग्रॅम साखर मावते, तेव्हा दोन बटणं म्हणजे जवळपास एक चमचा. एका वाटी साखरेत शंभराच्या वर बटणं होतात. इतका गोंधळ आणि खर्ची पडते एक वाटी, हे आईला सांगितलं तर हसली.

निळ्याचं करून बघितलं. चहा हिरवट झाला, जुन्या फुलदाणीतल्या पाण्यासारखा. निळा बाद. मरूनही बाद. पांढरी, आणि अगदी फिकी गुलाबी, बस.

आणि भोकांचं सुटलं! मी सोडवलं नाही.

मी रात्री साचा धुऊन उपडा घालून ठेवला होता. सकाळी उठून बघते तर आई खिडकीशी बसून धारदार ब्लेडने साच्यातल्या खुंट्या कापत होती. तळाशी सपाट, एकेक करून, साठच्या साठ. मी ओरडलेच. तिचं उत्तर, "बटणाला भोकं साच्यात पाडतात होय? आधी बटण करायचं, मग भोक." मग तिने डब्यातून विणकामाची सुई काढली, दोन मिलिमीटरची.

तिची रीत सांगते, कारण चार वेळा बघून शिकले. साखर ठासून पाठ सपाट करायची. बटण साच्यातच असू द्यायचं, म्हणजे चारी बाजूंनी आधार राहतो. सुई ओल्या फडक्याला पुसायची, भिजवायची नाही. ती उभी धरून, दोन बोटांत फिरवत फिरवत खाली न्यायची, तळाला लागली की तशीच फिरवत वर आणायची. नुसती दाबली तर बटणाला चीर जाते, आणि ओढून काढली तर भोकाची कड सोबत येते. चार भोकं झाली की लगेच पालथं. मी दुसऱ्या दिवशी वाळलेल्या बटणाला भोक पाडून बघितलं, सरळ दोन तुकडे. ओली असतानाच पाडायची.

भोकं समान अंतरावर यावीत म्हणून मी जाड कागदाचं माप कापून द्यायला निघाले. तिने मापाशिवाय साठ भोकं पाडली. नंतर मी तिच्या नकळत टेप लावून बघितली. पट्टीने आखल्यासारखी होती.

दुपारी साडेतीनला सुरू केलं, सहाला पंचाण्णव बटणं ट्रेवर. सहा तुटली. ९० अंश, चौदा मिनिटं, दारात चमचा. टक्क आवाज आला.

दाणेदार

सुई फिरवत नेणं अगदी बरोबर आहे. दाबल्यावर दाणे बाजूला सरकून चीर पडते, फिरवल्यावर ते भोकाच्या भिंतीला ठासले जातात, म्हणजे भिंत उलट मजबूत होते. मी पुलांचा हिशोब मांडत बसलो आणि खुंट्या कापायचं सुचलं नाही. आईंना नमस्कार सांगा.

काजं_बटण

चहा काल झाला, तेवढं सांगायला आले.

बावीस म्हटलेले सत्तावीस आले. बशीत दोन-दोन बटणं ठेवली होती, मध्ये एका वाडग्यात जास्तीची आणि चिमटा. पहिली पाच मिनिटं कोणी साखरच घेईना. सगळे बटण उचलून भोकांतून एकमेकांकडे बघत होते. बिनसाखरेचा चहा पिऊन टाकला तिघांनी, बटणं पर्समध्ये. शेवटी आईनेच पहिलं बटण कपात टाकलं. घट्ट असल्यामुळे ते लगेच विरघळत नाही, आधी बुडतं, भोकांतून चार बुडबुडे वर येतात, मग कडा मऊ होतात. ते बघायला चार डोकी तिच्या कपावर. ढवळायचं मात्र सांगावं लागलं. न ढवळता प्यायलेल्यांच्या कपात तळाशी गोड गाळ राहिला.

गुलाबी बटणं कमी पडली, पांढरी उरली.

आईची एक जुनी गिऱ्हाईक कोटाच्या बाहीशी बटण लावून बघत होती आणि आईला विचारत होती की हे शिवून देशील का. आई म्हणाली, "मशीन झाकलंय."

रिकामा_कप

भारी! उरलेल्यांचं आणि ती सहा तुटली होती त्यांचं काय केलंत? आणि साचा आता भोकांशिवायचा झाला, तर मला उसना मिळेल का, मुलांच्या गोळ्यांसाठी?

काजं_बटण

उरलेली डब्यात, सिलिकाच्या पुडीसकट. तुटकी मिक्सरमधून फिरवून साखरेच्या डब्यात परत गेली. साचा मिळणार नाही. तो आईच्या सुयांच्या डब्यात गेलाय, तिथून काही परत येत नाही.